बोंबलाची जिलेबी

मालवणात बबनशेठ रेडकरांच्या दुकानात जिलेबीपासून तळलेल्या बोंबलापर्यंत सगळं मिळायचं. एक दिवस शेठ दुकानाचा कारभार सांभाळणाऱ्या बाईंवर गरजले, "हेमलताबाई, हिशोबाला, मालाला, पगाराला वेगवेगळं सॉफ्टवेअर कशाला? उद्यापासून सगळं करणारं एकच आणतोय. तुमची तिन्ही काढून टाका!"

हेमलताबाईंनी स्वतः बसवलेली सगळी घडी मोडणार! त्या भटारखान्यात गेल्या आणि शेठसाठी गरमागरम जिलेबी घेऊन आल्या.

पहिल्याच घासाला शेठ थुंकले आणि त्यांनी मालवणीत शिवी हासडली. "शिरा पडली! जिलेबीक बोंबलाचो वास?"

"कढई एकच ठेवली, शेठ. बघा, दोन्ही तळून निघालं की नाही?"

तिन्ही सॉफ्टवेअर जागच्या जागी राहिली. फक्त ती जिलेबी पुन्हा कधी करणार, असं गावातली मांजरं अजून दुकानाच्या पायरीवर बसून विचारतात.