थेंबातलं आकाश

ढग पाणी प्यायला खाली उतरत, तेव्हाची गोष्ट. एका तळ्याकाठी पाखरांची शाळा होती. करकोचे सर हेडमास्तर होते. खुर्ची मिळाल्यापासून ते उडाले नव्हते.

एकदा त्यांनी कमळाच्या पानावर दवाचा भला मोठा थेंब आणवला. त्यात अख्खं आकाश दिसे, ढग मासोळ्यांसारखे फिरत.

"बाई, उडण्याचा तास बंद," त्यांनी टिटवीबाईंना फर्मावलं. "पिल्लं आता आकाश इथेच शिकतील."

पिल्लांना सगळे वारे पाठ झाले. पंख मात्र जडावले. इकडे तळं आटत चाललं होतं आणि नदी डोंगरापलीकडे होती. टिटवीबाई सरांकडे गेल्या.

"सर, यांना उडता यायला हवं."

"कशाला? आकाश विषयाचा निकाल शंभर टक्के आहे!"

एका दुपारी बदकाचं पिल्लू थेंबावर जरा जास्तच वाकलं. थेंब फुटला.

"बाई, माझ्या हातून आकाश फुटलं!" ते रडू लागलं.

"वर बघ," टिटवीबाई म्हणाल्या. "थोडं उरलंय."

साऱ्यांनी माना वर केल्या. बघता बघता पंख उघडले. पिल्लं पडली, धडपडली आणि संध्याकाळच्या सोनेरी उजेडात बाईंमागून डोंगरापलीकडे दिसेनाशी झाली.

करकोचे सरांनी थेंब फुटल्याबद्दल लेखी खुलासा मागवला. तो द्यायला काठावर कोणी उरलं नव्हतं.