तीनदा विचारायचं

“उडवायची नाही, तर जपायची कशाला, उस्ताद?”

मानसिंगराव रणनवऱ्यांनी ठासणीची लांब बंदूक घोंगड्यावर ठेवली. त्यांच्या घरी एक्केचाळीस बंदुका. चाळीस त्यांनी स्वतः उडवून पाहिलेल्या. ही एक राहिली होती.

दस्तगीर उस्ताद भात्याजवळ कानस चालवत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“ही माझ्या बापानं घडवली. तुमच्या आजोबांच्या हातात दिली. देताना काय म्हणाला?”

“हिला बार भरू नका, एवढंच. का, ते सांगितलं नाही.”

“आजोबांनी विचारलंही नाही. शहाणा माणूस.”

“मी विचारतोय. खंडेनवमीला माझी लेक वैजू या बंदुकीचा पहिला बार काढणार आहे. सगळ्या भाऊबंदांसमोर. ते म्हणतात, रणनवऱ्यांच्या घरात एक मुकी बंदूक आहे.”

“भाऊबंदांची तोंडं रोज उडतात. त्यानं कधी एक तितर तरी पडला?”

मानसिंगराव हसले नाहीत.

“वैजूच्या हातात जाण्याआधी तुम्ही पारखून द्या. नाहीतर मी तशीच देतो.”

कानस थांबली.

“तशीच देऊ नका,” उस्ताद म्हणाले, आणि उठले.

बंदूक पारखायची उस्तादांच्या घरची एकच रीत होती. नळीत दुप्पट दारू ठासायची. बंदूक चिंचेच्या बुंध्याला करकचून बांधायची, तोंड मातीच्या बांधाकडे. चापाला लांब दोरी. दोरी धरणाऱ्यानं भिंतीआड बसायचं आणि तीनदा विचारायचं, समोर कोण? ओ आली नाही, की ओढायची.

शिकलेली माणसं या रीतीला हसतात. हसोत.

उस्तादांनी सगळं आपल्या हातानं केलं. मग दोरीचं टोक मानसिंगरावांपुढे धरलं.

“मी?”

“लेक तुमची आहे.”

भर दुपार होती. बांधावर पाखरू नव्हतं.

“समोर कोण?” मानसिंगराव ओरडले.

…

“समोर कोण?”

…

तिसऱ्यांदा त्यांनी हसत हसत विचारलं. “अरे, समोर कोण?”

“मी आहे, आबा.”

आवाज बांधाकडून आला. शांत. जेवायला बोलवावं तसा.

मानसिंगरावांनी भिंतीवरून डोकावून पाहिलं. बांध. ऊन. माणूस नाही. वैजू तर गावी होती, वीस कोसांवर. काल सकाळी निघताना तिनंच बंदूक कापडात गुंडाळून दिली होती.

“उस्ताद… ऐकलंत?”

“नाही.”

“वैजू बोलली. स्पष्ट.”

“दोरी तुमच्या हातात आहे. ज्याच्या हातात दोरी, त्यालाच ऐकू येतं.”

मानसिंगरावांनी पुन्हा पाहिलं. पुन्हा काही नाही. कपाळावरचा घाम त्यांनी पुसला नाही. हात मोकळा नव्हता.

“भास असेल. उन्हाचा.”

“असेल.”

“ओढू का?”

उस्तादांनी नजर बांधाकडे वळवली.

“होय म्हणा, नाहीतर नको म्हणा! तुम्ही उस्ताद ना?”

“मी बंदुकीचा उस्ताद. तुमच्या लेकीचा बाप तुम्ही.”

दोरी ताणलेली होती. एक बोटभर ओढ बाकी होती.

…

मग मानसिंगरावांनी एक एक बोट सैल केलं. दोरी मातीत पडली. ते भिंतीला टेकून खाली बसले.

“उस्ताद… तुमच्या वडिलांनी ही इथं बांधलीच नव्हती?”

“ही नाही. हिच्या आधीची बांधली होती.”

“तेव्हा ओ आली?”

उस्ताद बुंध्याजवळ जाऊन बंदुकीचे दोर सोडू लागले. पाठमोरेच बोलले.

“माझ्या थोरल्या भावाची आली. बाप म्हणाला, वारा असेल, आणि दोरी ओढली. तेव्हापासून बापाला मी एकटाच लेक.”