गंजीच्या माथ्यावरची हाक

उंदरांच्या त्या राज्यात तोंड प्रत्येकाला एकच होतं. त्या तोंडानं पिल्लू उचलावं किंवा हाक मारावी. दोन्ही एकदम जमत नसे. म्हणून ज्या कडब्याच्या गंजीत राज्य वसलं होतं, तिच्या माथ्यावर आळीपाळीनं एकजण रिकाम्या तोंडानं बसे. त्याला हाकारी म्हणत. संकट आलं की हाकाऱ्यानं वरून वाट सांगायची आणि खालच्यांनी तीच धरायची. हाक थांबली की पाऊल जागीच थांबवायचं, असा दंडक होता. एरवी हाकाऱ्याला सगळे हसत. "काम ना धाम, उंचावर मुक्काम," म्हणत.

गंजीला आग लागली त्या दुपारी माथ्यावर नेमकी कोंडाबाई होती. आठवड्यापूर्वीच ती बाळंत झाली होती. एकुलतं एक पिल्लू, अजून डोळेही न उघडलेलं, उत्तरेच्या गल्लीत निजवून ती वर आली होती.

धूर दिसताच तिनं आधी उत्तरेच्या गल्लीकडे पाहिलं. पण हाक निघाली ती खणखणीत. "पूर्वेची गल्ली सोडा! दक्षिणेनं बांधावर चला! पोरं आधी, दाणे जाऊ द्या चुलीत!" आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नव्हतं. सगळी भिस्त त्या आवाजावर होती. उंदीर पिल्लू तोंडात धरून बाहेर येत, बांधावर ठेवत, पुन्हा आत शिरत.

मग वारा फिरला आणि ज्वाळा उत्तरेकडे वळल्या.

"मावशी, तुझं पोर!" खालून भिवा उंदीर ओरडला. "जाऊ का मी?"

भिवाच्या पुढ्यात पश्चिमेची गल्ली होती. तिथं दहा पिल्लं अडकली होती.

"तू पश्चिम धर," कोंडाबाई म्हणाली. बोलून तर गेली, पण आईचं काळीज ते! पुढच्याच क्षणी तिनं माथ्यावरून उडी टाकली आणि ती उत्तरेकडे धावत सुटली.

चार उड्यांवर तिनं मागे पाहिलं. हाक थांबली होती, म्हणून जो तो जिथल्या तिथं उभा होता. भिवासुद्धा. तोंडात कुणाकुणाची पिल्लं, शेपटीशी आग, आणि कान टवकारलेले.

"अरे मुडद्यांनो, हला ना!" ती किंचाळली. पण कुठं हलायचं, ते खालून तिलाही दिसेना.

ती रडत परत वर चढली. "पश्चिमेनं चला! ज्याचं तोंड रिकामं होईल त्यानं उत्तरेत शिरा, मिळेल ते उचला!" गंज कोसळेपर्यंत ती ओरडत राहिली, मग तिनं बांधावर उडी टाकली.

बांधावर सगळी पिल्लं काजळीनं काळीठिक्कर पडली होती. वासही सगळ्यांना धुराचाच. कुठलं कुणाचं, ओळखू येईना. उत्तरेतून काही आलं की नाही, तेही कुणाला सांगता येईना. आया हाका मारू लागल्या. आंधळी पिल्लं नुसती थरथरत पडून राहिली.

कोंडाबाईचा घसा पार बसला होता. तरी फाटक्या आवाजात तिनं एकदाच आपल्या पोराला साद घातली, "ये रे सोन्या, ये."

बांधावरची सगळी पिल्लं तिच्याकडे सरपटू लागली.