अंडी खाणारी भिंत

"अंडं भिंतीचं. का, ते विचारायचं नाही."

असा एका गावाचा नियम होता, बाळांनो. आधी पांघरूण घ्या बघू. पाय आत. हं.

हे गाव आपल्याकडचं नाही बरं का. पार पूर्वेला, समुद्रामागून समुद्र ओलांडत गेलं की फिलिपीन्स नावाचा देश लागतो. नुसती बेटंच बेटं. जणू कुणी पाण्यावर मूठभर मुरमुरे उधळलेत. त्यातल्या एका बेटाच्या काठावर होतं तालुबाय. माड तिथेही, भात तिथेही. दोरीवर वाळत घातलेली मासळी तिथेही आणि तिच्यावर टपलेली मांजरंही तिथे. फक्त आजीला तिकडे लोला म्हणतात.

तर तालुबायमध्ये एक मुलगी होती. तिचं नाव बियांग. ती आपल्या लोलाजवळ राहायची. लोलाचं नाव सेब्या. लोला सेब्या सगळ्यांना सांगायची, "हिचे केस तेवढे आखूड, जीभ मात्र हातभर."

आता ती भिंत कशी होती, ऐका. गाव आणि समुद्र यांच्या मधोमध उभी होती. पांढरीशुभ्र. माडांहून उंच. पोवळ्याच्या दगडांची होती. पोवळं म्हणजे प्रवाळ, समुद्राच्या पोटात वाढतं ते. तालुबायचे लोक समुद्रातून ते फोडून आणायचे. शिंपले जाळून चुना करायचे. चुना घट्ट धरावा म्हणून त्यात काय घालायचे? अंड्याचा पांढरा भाग! गावातल्या कोंबडीनं अंडं दिलं, की ते उचललं आणि भिंतीच्या नावानं टोपलीत ठेवलं.

मग पिवळा बलक कुठे जायचा? तो का फुकट घालवायचा? म्हशीच्या दुधात नि गुळात आटवून त्याच्या गोड वड्या करायच्या. आणि त्या वड्या खायच्या कुणी? मोठ्या माणसांनी! का, तर म्हणे, भिंतीची काळजी तेच करतात.

पोरांच्या वाट्याला टरफलं.

दरवर्षी गावच्या सणाला भिंतीवर नवा थर चढायचा. सकाळी चर्चची घंटा व्हायची. मग चुन्याच्या हौदापाशी सगळं गाव जमायचं. ज्या मुलीचा मान असेल तिनं पहिलं अंडं फोडायचं. मग बाकीच्या बायांनी फोडायची. चुना कालवला की पुरुषांनी पहारी घेऊन समुद्रात उतरायचं आणि दगड फोडायचे. पहिलं अंडं फुटल्याशिवाय पहारीला हात लावायचा नाही. असं कडक होतं सगळं.

त्या वर्षी हा मान आला बियांगकडे.

आणि त्याच वर्षी गावचा मुखिया, कापितान इग्मे, चौकात उभा राहून म्हणाला, "इकडचं तिकडचं पोवळं संपलं. आता राहिलाय गावासमोरचा बांध. यंदा तो फोडायचा."

गावासमोर पाण्याखाली पोवळ्याचा लांबलचक बांध होता. ओहोटीला त्याची पाठ दिसायची. बियांगची आई होती तेव्हा तिथेच मासे धरायला जायची. बियांग तिथेच पोहायला शिकली होती. आता तो बांध जाणार, आणि तो जावा म्हणून पहिलं अंडं तिनंच फोडायचं!

मग ती गेली लोलाकडे. म्हणाली, "लोला, ही भिंत कशासाठी गं?"

लोला सेब्यानं हातातलं सूप टाकलं नि तिच्या तोंडावर हात ठेवला. "विचारायचं नाही म्हणून सांगितलंय ना?"

मग ती गेली गवंडी तियागोकडे. तियागो म्हणाला, "भिंत कशासाठी? उंच होण्यासाठी!" आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसला.

मग ती गेली कापितान इग्मेकडे. तो वडी खात होता. म्हणाला, "पोरी, माझ्या बापानं विचारलं नाही. त्याच्या बापानं विचारलं नाही. तू कोण मोठी लागून गेलीस?"

"मग तुम्हालाही माहीत नाही तर!" बियांग म्हणाली.

त्याला ठसका लागला बरं का. पाणी द्यावं लागलं.

बियांग काही गप्प बसणारी नव्हती. माणसं सांगत नाहीत ना, मग समुद्रालाच विचारते, म्हणाली. त्या बांधाच्या कुशीत एक शिंपला राहायचा. एवढा मोठा, एवढा मोठा, की त्यात तान्हं बाळ न्हाऊ घालावं. गाव वसायच्या आधीपासून तो तिथे होता. पाठीवर शेवाळ, ओठांना निळी किनार. तो बोलतो असं कुणी कधी ऐकलं नव्हतं. पण त्याला कधी कुणी काही विचारलंही नव्हतं.

बियांगनं नाक दाबलं आणि बुडी मारली. शिंपल्यापाशी जाऊन मनातल्या मनात म्हणाली, "शिंपलेआजोबा, भिंत कशासाठी?"

शिंपला हळूच उघडला. आत पाणी आरशासारखं लखलखलं. त्यात तिला दिसलं जुनं तालुबाय. भिंत नसलेलं. दक्षिणेचा वारा सुटलाय, आणि त्या वाऱ्यावर लुटारूंची लांब लांब गलबतं येतायत. घरं पेटली. माणसं पळाली. लुटारूंनी पोरांना खांद्यावर टाकून नेलं, ती पोरं परत आली नाहीत. मग दिसल्या बाया. रांग लावून उभ्या, या हातातून त्या हातात दगड देतायत. बोटं सोललेली, पण थांबत नाहीत. घरातला शेवटचा घास, शेवटचं अंडंसुद्धा त्यांनी चुन्यात घातलं. गलबतं पुन्हा आली, भिंतीवर आपटली आणि फिरली.

बियांग वर आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. समुद्राच्या पाण्यानं नव्हे बरं का. तिला वाटलं, मी उगाच भांडले. भिंत चांगली आहे. फोडते मी अंडं.

पण मन ऐकेना. मग तिनं दुसरी बुडी मारली. म्हणाली, "आणि पुढे?"

शिंपला अजून थोडा उघडला. तिला दिसलं, लुटारू येईनासे झाले. एक पावसाळा गेला, आले नाहीत. आजीची नात झाली, नातीची पणती झाली, आले नाहीत. पण भिंत वाढतच राहिली. जशी भिंत वर चढली, तसं समुद्रातलं पोवळं खाली गेलं. पोवळ्यात राहणारे मासे आधी बावरले, मग निघून गेले. होड्या लांब लांब जाऊ लागल्या आणि तरी रिकाम्या येऊ लागल्या. गावात वारा शिरेना. पोरांच्या बरगड्या दिसू लागल्या. आणि टोपलीत अंडी पडतच राहिली.

बियांग वर आली. तिनं दम घेतला. आता तिला रडू येत नव्हतं, राग येत होता.

मग तिनं तिसरी बुडी मारली. "आणि आता बांध फोडला तर?"

शिंपला पुरता उघडला. तिला दिसलं, बांध नाहीये. आणि एक लाट येतेय. आजवर अशी प्रत्येक लाट त्या बांधावर फुटायची, तिथेच तिचं पाणी व्हायचं. ही फुटली नाही. आली ती थेट भिंतीच्या पायथ्याशी. तिनं खालची वाळू ओढून नेली. आणि ती उंच, पांढरी, गावाची लाडकी भिंत ओल्या बत्ताशासारखी बसली. गावाच्या अंगावर.

"आजोबा, तुम्ही चला ना, तुम्हीच सांगा त्यांना," बियांग कळवळून म्हणाली.

शिंपला म्हणाला, "मी दाखवतो. बोलायचं तू."

आणि मिटला.

मग सणाचा दिवस उजाडला. घंटा झाली. गाव जमलं. चुन्याच्या हौदाशी अंड्यांनी भरलेली टोपली ठेवली होती. पुरुष पहारी घेऊन तयार. मोठी माणसं पुढच्या बाकांवर. वड्यांसाठी पातेलं चुलीवर चढलेलंच होतं.

बियांग पुढे आली. तिनं टोपली उचलली.

कापितान म्हणाला, "फोड पोरी. उन्हं चढली."

"नाही फोडणार," बियांग म्हणाली.

लोला सेब्या कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं, चारचौघांत माझी लाज काढतेस? फोड मुकाट्यानं!"

"लोला, बांध फोडला तर लाट गावात येईल. भिंत आपल्याच अंगावर पडेल. मी पाहिलंय."

"कुणी दाखवलं गं तुला?" तियागोनं विचारलं.

"शिंपल्यानं."

झालं! सगळं गाव हसायला लागलं. तियागो गुडघ्यावर थाप मारत म्हणाला, "आज शिंपला बोलला, उद्या खेकडा येईल गावाचा कारभार बघायला!"

"येऊ दे की," बियांग म्हणाली. "खेकडा निदान बाजूला तरी सरकतो. तुम्ही तेही करत नाही."

पोरं फिस्सकन हसली. कापितान इग्मे उठून उभा राहिला. लाल लाल झाला होता. म्हणाला, "ही भिंत आपल्या पूर्वजांची आहे! त्यांचा अपमान करतेस?"

बियांग एक पाऊल पुढे आली. ती म्हणाली, "अपमान मी नाही करत. ज्या बायांनी ही भिंत बांधली त्यांना मी हात जोडते. त्यांना माहीत होतं आपण कशासाठी बांधतोय. त्यांच्यापुढे शत्रू होता. त्याची शिडं त्या लांबून ओळखायच्या. त्यांनी पोरांना वाचवायला अंडी दिली. तुम्ही पोरांच्या तोंडची काढून घेता. पांढरं भिंत खाते, पिवळं तुम्ही खाता, आणि वर म्हणता, विचारायचं नाही!"

"पुरे!" कापितान ओरडला.

"पुरेच करते. एकच विचारते. ही भिंत आज कुणाला अडवते? त्याचं नाव सांगा. तुमच्यापैकी कुणीही एकानं सांगा. लगेच फोडते पहिलं अंडं, आणि मागची सगळीसुद्धा."

कापितान इग्मेनं तोंड उघडलं. नाव सांगायला म्हणून उघडलं, पण आत नाव नव्हतं. त्यानं तियागोकडे पाहिलं. तियागोनं आपल्या पहारीकडे पाहिलं. बाकावरच्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणाला आठवतंय का? कुणालाच आठवेना. लुटारूंचं नाव गाव कधीच विसरून गेलं होतं. लक्षात राहिला होता तो फक्त नियम.

मग सगळ्यांनी पाहिलं लोला सेब्याकडे. ती गावात सगळ्यांत मोठी. लोलाचे ओठ हलले. आणि मग तिनं मान खाली घातली.

बियांग टोपली पोटाशी धरून चुन्याच्या हौदापुढे मांडी घालून बसली. म्हणाली, "मग नाही मिळायची अंडी. आज नाही, पुढच्या सणाला नाही. मला उचलून फेकलंत तर परत येऊन इथेच बसेन. बांध फुटणार नाही."

कुणी तिला उचललं नाही. कुणी पहारीला हात लावला नाही. कापितान इग्मे बाकावर खाली बसला. सगळी मोठी माणसं गप्प झाली. अशी गप्प, की भिंतीपलीकडे त्या बांधावर लाट फुटत होती, तेवढीच ऐकू येत होती.

बांध राहिला. गावही राहिलं. तालुबायची माणसं आजही तिथे सुखानं नांदतायत. मोठी माणसं अशी गप्प झाली ना बाळांनो, की मग लहानांनी बोलायचं असतं. पण ते उद्या सकाळी. आत्ता दिवा मालवते मी, आणि तुम्ही डोळे मिटा.