एका नावाला एक कण

"नुसतं आर्सेनी? हुद्दा नाही, पदक नाही, आडनावसुद्धा नाही?" जनरल स्त्रेमोव यांनी विचारलं.

"देवाला तेवढं पुरतं," वृद्ध साधू अंफिलोखी म्हणाले.

नेपोलियनच्या फौजेशी झालेल्या बोरोदिनोच्या लढाईला वर्ष झालं होतं. त्या एका दिवसात दोन्ही बाजूंची मिळून सत्तर हजार माणसं मेली किंवा जायबंदी झाली. मातीचा एक बुरूज परत घ्यायला जनरलसाहेबांनी एकामागून एक तीन पलटणी पाठवल्या. तिसरीत त्यांचा एकुलता एक मुलगा आर्सेनी होता. संध्याकाळी बुरूज शत्रूकडेच राहिला.

मुलाचं नाव सगळ्या मृतांच्या आधी, मानानं वाचलं जावं, एवढ्यासाठी साहेब या रशियन मठात आले होते. बापाचं दुःख खरं होतं, पण तेही गणवेश घालून आलं होतं.

मठाची रीत साधी. मृताचं नाव घ्यायचं आणि प्रसादाच्या पावातून सुरीनं एक कण काढून तबकात ठेवायचा. एका नावाला एक कण.

"त्याच्या आधी कोण कोण गेलं?" साधूंनी विचारलं.

"सैनिक."

"त्यांची नावं?"

...

जनरलांना एकही नाव ठाऊक नव्हतं. नावं हवालदारांना ठाऊक असायची, आणि हवालदारही त्या बुरुजावरून परतले नव्हते.

त्या सुरीला पुजाऱ्याशिवाय कुणी हात लावत नाही. तरी साधूंनी पाव आणि सुरी जनरलांपुढे सरकवली.

"नावं नसू देत. माणसागणिक एक कण काढ. जसे पाठवलेस, त्याच क्रमानं."

जनरल कण काढू लागले. आधी ताठ बसून, भराभर. मग हात मंदावला. तबकात ढीग वाढत होता आणि पहिल्या पलटणीची निम्मी माणसंही झाली नव्हती. पावाची नुसती कडक साल उरली. थोड्या वेळानं तीही उरली नाही.

साहेबांनी चुरा चाचपून पाहिला. एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्यांची मान खाली गेली.

"बाबा... पाव संपला. माझा मुलगा राहिला."

...

"पहिली पलटण संपली," साधू म्हणाले, "तेव्हा काय केलं होतंस?"