सहाव्या दिवसाचा कागद

मंडळी, एक विचारतो. एका माणसाकडची काच रोज सकाळी लखलखीत असते आणि दुसऱ्याच्या काचेवर शेवाळाचा हिरवा थर दिसतो. पाण्यातले जीव सांभाळायला द्यायचे, तर तुम्ही विश्वास कोणावर ठेवाल? उत्तराची घाई करू नका. मी केली होती आणि चुकलो होतो.

एकदा एक वृद्ध मत्स्यपालक होता. शोभेचे मासे आणि पाणवनस्पती यांच्या सेवेत त्याचे आयुष्य गेले होते. त्याच्या हाताखाली एक शिष्य होता. तरतरीत, कष्टाळू आणि जरासा स्वतःवर खूश. गावातल्या एका व्यापाऱ्याच्या पेढीत काचेची मोठी टाकी होती. वर दिवा, आत वनस्पतींचे हिरवे रान आणि त्यात हिंडणारे चाळीस छोटे मासे. ती टाकी वृद्धाने शिष्यावर सोपवली.

दोन महिने बरे गेले. मग पाण्यावर तवंग धरू लागला, निवलेल्या आमटीवर धरतो तसा. काचेवर, पानांवर शेवाळ चढू लागले. शिष्य उजाडताच पेढीत जाई, काच घासून चकचकीत करी, पाण्यात शेवाळ मारायचे औषध घाली. गिऱ्हाईक येईपर्यंत सारे स्वच्छ. तरीही पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडत, श्वास कोंडल्यासारखे. एकेक करत पाच मेले.

व्यापारी संतापला. मीही त्याच्यासारखा पेढीवर बसणारा, त्यामुळे त्याचा राग मला समजतो. डोळ्यांसमोर जीव जातो, तेव्हा माणूस आधी हाताखालच्याकडे बोट दाखवतो.

“तुझ्या औषधानेच मारलंस त्यांना,” तो म्हणाला. “आणखी एक जरी मेला, तर टाकी उचलून रस्त्यावर. आणि तुझ्या गुरूचं नाव या बाजारात कसं टिकतं, तेही बघतो.”

शिष्य धावतच वृद्धाकडे गेला. “गुरुजी, मी कशात कमी पडलो? रोज दोन तास घासतो.”

“उद्यापासून घासायचं नाही,” वृद्ध म्हणाला.

तो स्वतः पेढीत आला. प्रथम त्याने फिल्टरचे तोंड वर उचलले, त्यामुळे पाणी वरून पडू लागले, पृष्ठभाग हलू लागला आणि माशांना हवा मिळू लागली. मग औषधाची बाटली उचलून खिशात टाकली आणि शिष्याला सांगितले, “आठ दिवस काचेला हात लावू नकोस. रोज सकाळी पाण्यावर एक साधा टिपकागद पसरायचा, तवंग त्यावर उचलून घ्यायचा, कागद उन्हात वाळवायचा, कोपऱ्यात तारीख घालून ठेवून द्यायचा. बस.”

“गुरुजी, काच हिरवी झाली तर शेठ मला हाकलतील हो!”

“हाकललं तर कागद घेऊन ये.”

काच हिरवी झाली. गिऱ्हाइके टोमणे मारू लागली, “काय शेठ, मासे विकून पालक लावलात की काय?” व्यापाऱ्याने दात आवळले. परंतु त्या आठ दिवसांत एकही मासा मेला नाही, म्हणून त्याने शिष्याला हाकलले नाही.

नवव्या दिवशी वृद्धाने आठही कागद गादीवर ओळीने मांडले. वाळलेल्या कागदांवर आरपार दिसणारे डाग होते, भज्यांच्या पुडीवर पडतात तसे. सहावा कागद तेवढा कोरा.

“याच्यावर डाग कसा नाही?” व्यापाऱ्याने विचारले.

“मला ठाऊक नाही. तारीख तुम्हीच बघा.”

व्यापारी भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेला. त्याचे बोट एका चौकटीवर थांबले.

“आदल्या दिवशी एकादशी होती,” तो वृद्धाला हळूच म्हणाला. “बाबा, दुपारी जेवायला बसण्याआधी मी पहिला घास यांना घालतो. तूप लावलेल्या पोळीचा. वडील गाईला घालायचे. पेढीत गाय कुठली? म्हटलं, हेही मुके जीवच. एकादशीला पोळी नसते. साबुदाणा माशांना कसा घालायचा, म्हणून त्या दिवशी हात आवरला.”

व्यापारी टाकीकडे पाहत राहिला. “म्हणजे तुपाच्या तवंगाने त्यांची हवा अडली आणि पाचही माझ्याच हातून गेले.”

शिष्याच्या डोक्यावरचे किटाळ टळले होते. तो गप्प राहिला असता, तरी कोणाला काही कळले नसते. पण समोरच्या काचेवर शेवाळ सर्वांत दाट कुठे होते? दिव्याच्या थेट खाली.

“शेठ, सगळं तुमच्यावर घेऊ नका,” तो म्हणाला. “गुरुजींनी दिवा सात तास ठेवायला सांगितला होता. झाडं लवकर वाढावीत म्हणून मी चौदा तास ठेवत होतो. उजाडताच घासायचो ते शेवाळ कोणाला दिसू नये म्हणून.”

तेव्हा वृद्ध बोलला. “पाणी रोज सांगत होतं. जास्तीचं अन्न तवंगातून सांगत होतं, जास्तीचा उजेड शेवाळातून. तू उजाडताच ते पुसायचास, म्हणून शेठना दिसलं नाही आणि तुलाही बघावं लागलं नाही. शेठनी मायेने घातलं, तू हौसेनं दिवा जाळलास. हेतू दोघांचेही चांगले. पण पाण्याला हेतू कळत नाही रे, किती पडलं एवढंच कळतं. आता काच खुशाल घास. फक्त आधी हात आवरा, दोघंही.”

“आणि माझा घास?” व्यापाऱ्याने लहान मुलासारखे विचारले.

“दाणा तुम्हीच घाला. चिमूटभर, दोन मिनिटांत मासे संपवतील एवढाच. पोळी तुम्ही खा.”

त्या दुपारी शिष्याने काच घासली आणि आजवर टाकीला बोट न लावलेल्या व्यापाऱ्याने बादली धरली. पस्तीस मासे खाली पानांत निवांत फिरत होते.

मंडळी, तुमच्याकडे मासे असोत वा नसोत, कोणता तरी जीव तुमच्या हातून खातो आणि वाढतो. त्याच्याजवळ एक वही ठेवा. किती घातले, किती वेळ दिवा जळला, ते लिहा. आणि एखाद्या दिवशी मायेपोटी हात सैल सुटला, तर ती जास्तीची चिमूटही लिहा. एवढा हिशेब खरा ठेवा, ही विनंती.