रुतलेली बोटं

"ही बोटं सैल करणार आहेस की नाही?"

मदर लुक्रेसियांनी तिसऱ्यांदा विचारलं. ओर्सोलानं मान वर केली नाही.

"नाही."

टस्कनीतल्या त्या डोंगरावरच्या मठात तिच्याइतका सफाईदार हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. हे तिलाही ठाऊक होतं, आणि ती ते चारचौघांत बोलूनही दाखवायची. वेदीसाठी माता मरिया आणि बाळ येशूचं चित्र काढायचं काम म्हणूनच तिच्याकडे आलं होतं.

मागे सोन्याचा वर्ख झळकत होता. निळ्या झग्यातली आई, मांडीवर बाळ. सगळं रीतीप्रमाणे... फक्त आईचा हात तेवढा रीतीला धरून नव्हता. रीत अशी, की तिनं बाळाला अलगद धरावं, जगापुढे करावं. ओर्सोलाच्या मरियेनं त्याची मांडी गच्च पकडली होती.

"फादर आन्सेल्मो आत्ता येतील," मदर म्हणाल्या. "बोटं तशीच दिसली, तर चित्राची लाकडी फळी रंध्याखाली तासली जाईल. तुझ्या हातचा कुंचलाही जाईल."

"जाऊ दे."

"एवढा हट्ट कशासाठी?"

ओर्सोलानं कुंचला खाली ठेवला.

"मी मठात येण्याआधी, प्लेगच्या साथीत माझ्या बाळाला, नेल्लोला, न्यायला माणसं आली, मदर. अंगात नुसता ताप होता त्याच्या. त्यांनी हात पुढे केले... आणि मी दिला."

मदरनी क्रूसाची खूण केली.

"कुणी ओढला नाही. मीच दिला. एकदा दिलाय, आता देणार नाही. चित्रातसुद्धा नाही."

मदर चित्राजवळ गेल्या. अगदी नाक टेकेल इतक्या जवळ.

"घट्ट धरलंय म्हणतेस?"

"दिसत नाही का तुम्हाला?"

"मग बाळाला दुखत कसं नाही?"

ओर्सोलानं पाहिलं. बोटं आवळलेली होती, पण त्यांच्याखालची बाळाची कांती लोण्यासारखी गुळगुळीत होती. कुठे खळगा नाही, कुठे लाली नाही. तिचा चेहरा उतरला.

मदरनी बाही वर सारली आणि आपला वाळका दंड तिच्यापुढे धरला.

"धर."

ओर्सोलानं बिचकत धरला.

"ही पकड? अशा हातातून कुणीही नेईल. आवळ."

तिनं आवळला.

"आणखी!"

मग मात्र ओर्सोलानं दातओठ खाऊन दंड आवळला. कातडी बोटांखाली पांढरी पडली, कडेनं लाल झाली. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात मागे गेला नाही.

"आता हे बघ," त्या म्हणाल्या, "आणि बघून काढ."

ओर्सोलानं डाव्या हाताची पकड सोडली नाही. उजव्या हातानं तिनं कुंचला उचलला, अंड्याच्या बलकात थोडा तांबडा रंग कालवला. रडत होती, आणि काढत होती.

फादर आले तेव्हा रंग ओला होता. ते चित्रापुढे थबकले.

"बोटं सैल करा म्हणून निरोप धाडला होता मी. ही तर आता मांसात रुतलीत!"

"हो," ओर्सोला म्हणाली. "मीच रुतवलीत."

"अगं, हे बाळ तिचं एकटीचं नाही. साऱ्या जगाचं आहे!"

ओर्सोला उत्तर द्यायला पुढे झाली. मदरनी तिला हातानंच मागे सारलं, बाही खाली ओढली आणि फादरांना चित्राकडे वाट करून दिली.

"जगाचं आहे ना? मग घ्या तिच्या हातातून."